थोडंच राह्यलंय

ज्याने सूर्याला फिरते ठेवले आणि माणसाच्या दोन हातांत घडविण्याची शक्ती घातली, त्या विश्वकर्म्याला प्रथम वंदन. विघ्ने हरणाऱ्या गजाननाला वंदन, आणि नऊ रात्री घटापाशी तेवत राहणाऱ्या आदिमायेला वंदन. आज खंडेनवमी. माझ्या देवघरात पळी-पंचपात्राच्या शेजारी पाटावर एक लाकडी काठी ठेवली आहे. वीतभर लांब, टोकाला काळ्या रबराची लहानशी वाटी. आज सकाळी तिला मी हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल वाहिले आणि नमस्कार केला. ज्याची ही काठी, त्याचे स्मरण आजच्या दिवशी केल्यावाचून माझी पूजा पुरी होत नाही. म्हणून हे चार शब्द.

तो ती काठी दोन्ही तळहातांमध्ये धरून रवीसारखी फिरवीत असे. अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. मग किंचित उचलून, जागा बदलून, पुन्हा तेच. आणि कोणी काहीही विचारले, तरी मान वर न करता त्याचे एकच उत्तर.

"जेवलास का रे, गृहस्था?"

"थोडंच राह्यलंय, गुरुजी."

"यंदा गावी जाणार म्हणत होतास?"

"व्हय. थोडंच राह्यलंय."

काय राहिले आहे आणि कशाचे, हे मला कळायला पुष्कळ काळ जावा लागला. ते कळले, तेही माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

शाळेतली संस्कृतच्या शिक्षकाची नोकरी संपवून मी पुनावळ्याला राहायला आलो, तेव्हा आमच्या इमारतीमागे अजून ज्वारीची दोन वावरे शिल्लक होती. आता तिथेही इमारती आहेत. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारे. एक आमचे, एक त्याचे. माझ्या सायंसंध्येची आणि त्याच्या कामाची वेळ नेमकी एकच. मी आचमन करून डोळे मिटावेत आणि समोरून आवाज सुरू व्हावा: खर्र-खर्र, खर्र-खर्र, टक्. खर्र-खर्र, खर्र-खर्र, टक्. पहिला महिना मी मनातल्या मनात चिडत होतो. दुसऱ्या महिन्यात माझ्या ध्यानात आले की माझ्या माळेचा मणी त्या 'टक्'वर पुढे सरकू लागला आहे. हे मी घरात बोलून दाखविले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बरंच झालं. तुम्ही पाहुणे आले की जप सोडून उठता. त्याचा नियम तुमच्याहून पक्का आहे."

एके दिवशी कुतूहल अनावर होऊन मी दार वाजविले. आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला, दार उघडले, मी आत शिरलो आणि माझ्या पाठीमागे कुलूप पुन्हा लागले. त्या किल्लीची दोरी त्याच्या गळ्यात होती, जानव्यासारखी.

गॅलरीत जुन्या पोत्यावर मोटारसायकलच्या इंजिनाचा माथा ठेवलेला होता. त्याला ते लोक 'हेड' म्हणतात. शेजारी डिझेलने भरलेली वाटी, पितळी तारांचा ब्रश, कळकट चिंध्या आणि राखेच्या रंगाच्या लेपाची डबी. चाकणच्या ज्या कंपनीत तो होता, तिथे तो नव्या इंजिनांत हेच भाग बसवीत असे.

"मग दिवसभर तेच करून घरीही तेच?" मी विचारले.

"कंपनीत मशीन बसवतं, गुरुजी. मी बटण दाबतो. हाताचं काम हे." मग त्याने दोन लांब दांड्यांच्या, छत्रीसारख्या माथ्याच्या लोखंडी झडपा माझ्यापुढे धरल्या. "हे व्हॉल्व्ह. एकातून गाडी श्वास घेते, दुसऱ्यातून सोडते. तुमचा प्राणायामच की! कार्बन साचला, झडप नीट मिटली नाही, की गाडीला दम लागतो. मग खरवडायचं, धुवायचं, लेप लावायचा आणि ज्या जागी बसते त्या जागेवरच घासायची."

"किती घासायची?"

"कडेला करडी रेघ उमटती. सगळीकडून सारखी उमटली, की थांबायचं. कमी घासलं तर गळती. जास्ती घासलं तर झडप पातळ होती, जागा खोल जाती, हेडच बाद. घासणं कुणालाबी येतंय, गुरुजी. थांबणं यायला पाहिजे." मग खोलीकडे मान वळवून म्हणाला, "हे अण्णांनी शिकवलं."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. परभणीकडच्या एका गावात रस्त्याच्या कडेला त्यांचे गॅरेज होते. आता ते गॅलरीच्या उंबऱ्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढरी टोपी घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले असत. पिशवीत एक धोतर आणि पाण्याची बाटली. मुलाकडे पाहत, त्या खर्र-खर्रकडे कान लावून ते म्हणत, "झाली का रे, बापू, गाडी? निघायचं कव्हा?"

"थोडंच राह्यलंय, अण्णा."

"बरं, बरं. घाई करू नगंस."

आणि ते पुन्हा शांत बसत. मला वाटले, किती समाधानी म्हातारा! आणि मुलगा किती उद्योगी! लोकांच्या गाड्यांची कामे घरी आणून करतो आहे. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला जे दिसते ते पुष्कळदा असे अर्धेच असते.

त्या घराची रीत मी हळूहळू पाहत गेलो. तो पहिल्या पाळीला जाई. उजाडायच्या आत कंपनीची बस महामार्गावर उभी राहत असे. चार वाजता तो परते. त्याची बायको एका कारखान्याच्या उपाहारगृहात दुसऱ्या पाळीला स्वयंपाकाला होती. ती सव्वाचारला निघे. त्या पंधरा मिनिटांत दोघे दारात भेटत आणि ती आपल्या गळ्यातली किल्लीची दोरी काढून त्याच्या गळ्यात घाली. एकदा मी ते पाहत उभा होतो, तर ती हसून म्हणाली, "रोज लग्न लागतंय आमचं, गुरुजी. अक्षता तेवढ्या टाका."

सहा वर्षे ही दोघे एकत्र घराबाहेर पडली नव्हती. अण्णांना स्मृतिभ्रंश झाला होता. सकाळी ते बरे असत. सुनेशी बोलत, भाकरी खात, पडून राहत. परंतु दिवस कलला की त्यांना गाव आठवे आणि ते पिशवी उचलून दाराशी जात. दोनदा ते महामार्गावर सापडले होते. दाराचे लॅच त्यांना उघडता येई. म्हणून याने ते उपटूनच काढले, त्या भोकात चिंधी कोंबली आणि आतून जाड कोयंडा ठोकून त्याला कुलूप घातले. कंपनीत त्याला लाइनचा सुपरवायझर करणार होते, पण त्यासाठी फिरत्या पाळ्या घ्याव्या लागल्या असत्या. सायंकाळी तो घरी हवाच होता. त्याने नको म्हणून सांगितले.

"कंटाळा येत नाही का रे?" मी एकदा विचारले.

त्याने घासणे थांबविले नाही. "गुरुजी, आपल्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात एक गाडी झाकून ठेवलेली हाय, बघितली का? शंभर सीसीची. टाकीच्या खाली चिंधी गुंडाळलेली."

"पाहिली आहे."

"तिचंच हे हेड. अण्णांची गाडी. हे इथं हाय, म्हणून ती तिथं उभी हाय." एवढेच बोलून तो पुन्हा कामाला लागला. मी तेव्हाही समजलो नाही.

आता त्या खंडेनवमीचे सांगतो. आमच्या या भागात दसरा म्हणजे यंत्रांचा सण. चाकणपासून भोसरीपर्यंत प्रत्येक कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, आणि पाना-पक्कड ज्याच्या हातात असते तो त्या दिवशी ती हत्यारे धुऊन-पुसून पूजेला मांडतो. पुजलेले हत्यार दसऱ्यापर्यंत वापरीत नाहीत. इमारतीतल्या घरांची पूजा दर वर्षी मीच सांगत असे. शिवणयंत्र झाले, वायरमनची पक्कड झाली, संगणकवाल्या मुलांचे लॅपटॉपही झाले. आणि मी समोरच्या घरी गेलो.

कंपनीतली पूजा उरकून तो लवकर परतला होता. मी त्याच्याकडून ती काठी, लेपाची डबी आणि दोन्ही झडपा धुऊन घेतल्या, पाटावर मांडल्या, गंधाक्षता वाहिल्या. अण्णांनीही हात जोडले. आरती झाल्यावर मी म्हणालो, "आता उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत याला हात लावायचा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, संध्याकाळी थोडं घासावं लागतंय."

"एक दिवस! अरे, वर्षातला एक दिवस तरी देवाला दे. हातालाही विसावा हवा. कारागिराने एवढा नियम पाळू नये?"

"पाळतो, गुरुजी. गावाकडं अण्णाबी पाळायचे. पण इथं..." तो अडखळला. मग वयाला आणि विद्येला मान देऊन गप्प झाला. माझ्या त्या विद्येने त्या दिवशी त्याला विचारले नाही, की बाबा रे, पण काय?

दिवस कलला. मी संध्येला बसलो. समोरून आवाज नव्हता, आणि खरे सांगतो, माझ्या वचनाला मान मिळाल्याचे मला समाधान वाटले. संध्या आटोपून मी नैवेद्याच्या खिरीची वाटी घेऊन त्याच्या दाराशी गेलो. त्याने कुलूप उघडले. "या, आत या," म्हणाला. अण्णा खुर्चीत होते. रिकामे भांडे परत द्यायचे नसते. म्हणून खीर ओतून घेऊन माझ्या वाटीत चिमूटभर साखर घालायला तो, मी लगेच परतणार म्हणून कुलूप न लावताच, स्वयंपाकघरात गेला. साखरेचा डबा त्याला लवकर सापडेना. मी पाटाकडे तोंड करून, मीच केलेली मांडणी पाहत उभा राहिलो. काठीवरचे फूल जरा कलले होते, ते सरळ केले.

"गुरुजी," तो बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा?"

खुर्ची रिकामी होती. दार माझ्या पाठीशी उघडे होते. पिशवीही नव्हती.

तो जिना कसा उतरला, मला सांगता येणार नाही. पार्किंगमध्ये तो क्षणभर त्या झाकलेल्या गाडीपाशी थबकला, तिच्याकडे पाहिले आणि पायीच धावत सुटला. मी माझ्या वयाच्या चालीने मागे. महामार्गाच्या सेवारस्त्यावर आम्ही एकेक गॅरेज पाहत गेलो. सगळी फुलांनी सजलेली, सगळी निःशब्द. कोणी म्हणे, "पांढरी टोपीवाले आजोबा का? आत्ता इथनं पुढं गेले." कोणी म्हणे, "न्हाई बा, आमी पूजेत व्हतो." ट्रक धडधडत जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी तो रस्त्याकडे पाही. मी चालता चालता जे नामस्मरण करीत होतो, त्यात नाम कमी आणि क्षमायाचना अधिक होती.

ते सापडले ते भुयारी मार्गाच्या अलीकडे, एका बंद दुकानापुढे. टायरांच्या चळतीवर बसले होते. मांडीवर पिशवी.

"अण्णा!" तो त्यांच्यापुढे गुडघ्यांवरच बसला.

"आलास व्हय, बापू?" अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. "आवाज थांबला. म्हटलं, झाली गाडी. तू पुढं गेलास आसंल म्हणून निघालो मी. गाडी कुठाय?"

त्याने मान खाली घातली. मग वर न पाहताच म्हणाला, "थोडंच राह्यलंय, अण्णा. चला घरी."

"आँ? अजून राह्यलंय? चल मग. तू चल म्हणलास की चलायचं."

परतीच्या वाटेवर वडिलांचा हात धरून तो पुढे चालला होता आणि मी मागे. तेव्हा मला सगळे एकदम समजले. तो कोणाचीही गाडी दुरुस्त करीत नव्हता. त्याला गाडी दुरुस्त करायचीच नव्हती. आवाज चालू आहे तोवर गाडी झालेली नाही. गाडी झालेली नाही तोवर निघायचे नाही. रोज सायंकाळी तो वडिलांना एका आवाजाने बांधून ठेवीत होता, आणि त्याच दोरीचे दुसरे टोक त्याच्या स्वतःच्या पायात होते.

दाराशी पोचल्यावर मी त्याला म्हणालो, "गृहस्था, अपराध माझा आहे." तो म्हणाला, "नाही हो, गुरुजी. साखरेचा डबा वरच्या फळीला ठेवला होता हिनं, त्याचा." आणि पाटावरची काठी उचलून त्याने फुले बाजूला काढली आणि घासायला बसला. मी अडवले नाही. दुसऱ्या दिवशी सगळी इमारत सोने लुटायला, सीमोल्लंघनाला खाली उतरली. त्याच्या गॅलरीतून तेवढा आवाज येत होता.

त्यानंतरच्या सोमवारी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मला हे शिकव."

त्याला ती थट्टा वाटली. "तुमचं सोवळं?"

"प्रायश्चित्ताला विटाळ नसतो. शिकव."

मी जन्मभर घरी-दारी होमहवन पाहिले होते. अरणीने अग्नी मंथन करून काढतात तो हाताचा फिरकाही मला ठाऊक होता. वाटले, हे तसेच असणार. परंतु माझी झडप कचकचा वाजू लागली. अण्णा खुर्चीतून ओरडले, "कोन हाय त्यो? दही घुसळायलाय का?" तो हसून हसून बेजार झाला. मग माझ्या हातांवर हात ठेवून त्याने मला लय दाखविली. "दाबायचं नाही, गुरुजी. काठीचं वजन तेवढंच. चार फेरे झाले की उचला. हं. आता टेकवा." तिसऱ्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले. कोणत्याही विद्वत्सभेत मला इतका आनंद झाला नव्हता.

मग मी रोज सायंकाळी एक तास त्याच्या जागी बसू लागलो आणि तो किल्ली माझ्या गळ्यात घालून बाहेर जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो जिना उतरला तेव्हा मला कृतार्थ वाटले. तासाभराने परतला. विचारले, "कुठवर गेला होतास?"

"खालीच होतो."

दुसऱ्या दिवशीही खालीच. मला राहवेना. एकदा आमच्या सौभाग्यवतींना मी पाहायला पाठविले. त्या वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. "पार्किंगमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "त्या गाडीवरचं कापड काढून तिच्यावर बसलाय. दोन्ही हात मुठीवर. समोरच्या भिंतीकडे बघत. गाडीला इंजिनाचं डोकं नाही, आणि हा आपला बसलाय." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला एक तास दिलात. जायचं कुठं, ते कोण देणार?"

असे पंधरा-सोळा महिने गेले. ते हेड केव्हाच कामातून गेले होते. झडपांच्या दोन-तीन जोड्या त्याने कुदळवाडीच्या भंगारातून आणून त्याच जागी घासल्या होत्या. त्याही संपत आल्या होत्या. जे थांबणे त्याला लहानपणी शिकविले होते, तेच त्याला करता येत नव्हते. कारागिराला याहून मोठा तुरुंग कोणता असेल, मला ठाऊक नाही.

माघाच्या अखेरीस अण्णांना ताप येऊ लागला. एका सायंकाळी तो घासत होता आणि मी शेजारी बसलो होतो. अण्णांनी हात पुढे केला. "आण इकडं."

त्याने झडप पुसून त्यांच्या हातात दिली. ते तसे नेहमीच करीत. कडेवर अंगठा फिरवून "अजून नाही बसली" म्हणून परत देत. त्या दिवशी अंगठा फिरविता फिरविता ते थांबले. झडप डोळ्यांजवळ नेली. तिची कड सुरीच्या पात्यासारखी झाली होती. अण्णांच्या नजरेतला धुरळा एकाएकी खाली बसल्यासारखा झाला, आणि ते मुलाकडे, खरोखर मुलाकडे, पाहू लागले.

"बापू, किती घासलंस रे हिला? संपवलीस की."

त्याने लेपाच्या डबीचे झाकण लावले.

"थांबायचं कव्हा, ते शिकवलं नव्हतं का मी तुला?"

"शिकवलं होतं, अण्णा."

"मग?"

त्याने आपली काळी झालेली बोटे चिंधीला पुसली, पुन्हा पुसली. अण्णांनी त्या बोटांकडे पाहिले. मग त्यांनी ती झडप त्याला परत दिली नाही. पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आता नको घासूस." त्या सायंकाळी आवाज थांबला आणि अण्णा दाराकडे गेले नाहीत. फाल्गुनाच्या पहिल्या पंधरवड्यात ते शांतपणे गेले.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. अस्थी घरात आणीत नाहीत, म्हणून त्याने अस्थींचे गाडगे पार्किंगमध्ये त्या गाडीच्या वर, नळाच्या आडव्या पाइपाला बांधले. नातेवाईक म्हणाले, दहावा गोदेकाठी गंगाखेडला करू, जीप ठरवू. तो म्हणाला, "अण्णा गाडीवर जाणार." मग माझ्याकडे येऊन दाराबाहेरूनच, सुतकामुळे लांब उभा राहून म्हणाला, "गुरुजी, सुतकात यंत्राला हात लावू का?"

एकदा नियम सांगून मी त्याला अडकविले होते. मी म्हणालो, "हे यंत्राचे काम नव्हे. अंत्येष्टीचेच अंग आहे. कर." हे कोणत्या ग्रंथात आहे, ते मला कोणी विचारू नये.

त्याने दुसरे हेड आणले, नव्या झडपा आणल्या. पार्किंगमध्ये पोते टाकून, अस्थींच्या गाडग्याखाली तो बसला. मी लांब खुर्ची टाकून पाहत होतो. जाड लेप, मग बारीक लेप. चार फेरे, उचल, टेकव. पुसून त्याने झडप उजेडात धरली. करडी रेघ सगळीकडून सारखी उमटली होती. सवयीने त्याचे तळहात पुन्हा काठीकडे गेले. आणि तसेच हवेत थांबले. त्याने काठी खाली ठेवली. झडपा बसवून, गळती आहे का ते पाहायला वरच्या वाटेने पेट्रोल ओतून तो वाट पाहत राहिला. खाली एक थेंबही उतरला नाही.

तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच तो शब्द ऐकला.

"झालं, गुरुजी."

आठव्या दिवशी, उजाडताना, ते दोघे निघाले. गाडगे पांढऱ्या फडक्यात बांधून तिने पोटाशी धरले होते. अण्णांची पिशवी हँडलला. मी निरोप द्यायला दारात उभा होतो. तो चपला घालून बाहेर आला, मागोमाग ती आली, आणि दोघे दारापुढे उभे राहिले ते उभेच. ती त्याच्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहत होती. तो दाराकडे.

"काय झाले?" मी विचारले.

"कुलूप," तो म्हणाला. "बाहेरून लावायला काहीच नाही."

खरेच नव्हते. लॅच उपटलेले, भोकात चिंधी, कडी-कोयंडा सगळा आतून. हे दार बाहेरून बंद करण्याची वेळ सात वर्षांत त्यांच्यावर आलीच नव्हती. ती आधी हसू लागली. मग पदर तोंडाला लावून रडू लागली. तो नुसता त्या चिंधीवर बोट ठेवून उभा होता.

"जा," मी म्हणालो. "मी बसतो दारात."

"आठ दिवस, गुरुजी?"

"सोळा महिने बसलो, आठ दिवसांचे काय घेऊन बसलास! जा."

मी त्याच्या उंबऱ्यापाशी अण्णांची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. खालून किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि गाडीने श्वास घेतला. तो आवाज फाटकातून, सेवारस्त्याने, महामार्गाच्या गोंगाटात मिसळेपर्यंत मी ऐकला. मागे उघडे दार, आत रिकामी गॅलरी, आणि माझे दोन्ही तळहात माझ्या नकळत एकमेकांवर फिरत होते.

ते तेरावे करून परतले. पुढे त्याने फिरत्या पाळ्या घेतल्या आणि कंपनीजवळ, चाकणच्या बाजूला बिऱ्हाड केले. जाताना ही काठी माझ्या हातात ठेवून गेला. समोर आता दुसरे कुटुंब आहे. त्यांनी नवे लॅच बसविले आहे. माझी सायंसंध्या आता निर्विघ्न होते, आणि माळेचा मणी कधी सरकवायचा ते मला कळत नाही.

आज सकाळी त्याचा फोन आला. "हत्यारं पुजली, गुरुजी. हात लावणार नाही."

"उद्या सीमोल्लंघनाला जा दोघे कुठेतरी लांब."

"जातो की. पण दिवस कलला की पाय घराकडं पळत्यात. घरी कुणी नाही, हे पायांना अजून कळलं नाही."

मागून तिचा आवाज आला, "झोपेतबी हात घासत्यात, गुरुजी! एकदा सांगा तुम्ही."

"जाईल हो सवय," तो म्हणाला. "थोडंच राह्यलंय."

वाचकहो, आपल्या घरातली हत्यारे आज विसावोत आणि उद्या नव्या तेजाने कामाला लागोत. आपल्या घरच्या वृद्धांना त्यांचे गाव स्वप्नात तरी सुखरूप भेटो. ज्यांच्या गळ्यात कोणासाठी तरी किल्ली अडकलेली आहे, त्यांना दारात बसणारा एक शेजारी लाभो. आणि आपल्या घराच्या दाराला कडी दोन्ही बाजूंनी असो: आतून मायेची, बाहेरून परतीच्या भरवशाची. शुभं भवतु.